बाप-लेक दोघंही गणिताचे प्राध्यापक. वडिलांना भारतरत्न मिळालं, मुलाला कोर्टाने दंड ठोठावला

मेडिकलमध्ये निरोधचं पाकीट मागितलं की दुकानदार आधी इकडेतिकडे बघतो. मग पाकीट कागदात गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो आणि गुपचूप हातात देतो. गिऱ्हाईकही चोरी केल्यासारखं खाली मान घालून निघून जातं. हे आजचं चित्र आहे. टीव्हीवर जाहिराती आहेत, सरकारी दवाखान्यात साधनं फुकट मिळतात, तरीही आपला आवाज खाली जातो.

आता विचार करा, शंभर वर्षांपूर्वी काय असेल?

त्या काळात एक माणूस मुंबईत उघडपणे सांगत होता, की मूल कधी व्हावं, किती व्हावीत आणि व्हावं की नाही, हे ठरवता येतं. त्यासाठी साधनं आहेत, ती वापरण्यात पाप नाही आणि बाईला त्यात सगळ्यात पहिला हक्क आहे. या माणसाची नोकरी गेली, त्याच्यावर खटले झाले, त्याला दंड भरावा लागला. पण त्याने आपलं मासिक मरेपर्यंत चालवलं.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव.

लहानपणीच बहिष्कार बघितला

र. धों. यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. दापोलीजवळचं हे समुद्रकाठचं गाव. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ अवघे नऊ वर्षांचे होते.

याच सुमारास वडील पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. बायको वारल्यावर त्या काळचा रिवाज असा होता, की पुरुषाने दहा-बारा वर्षांच्या मुलीशी दुसरं लग्न करायचं. अण्णासाहेबांनी ते केलं नाही. त्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. घरातले त्यांना बाया म्हणायचे.

लग्न झालं आणि मुरुडने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकलं. पंक्तीला बसायची बंदी, घरी येण्याजाण्याची बंदी. अकरा वर्षांच्या रघुनाथला हे सगळं कळत होतं. समाज चिडला की काय करतो, आणि आपलं बरोबर आहे अशी खात्री असलेला माणूस तरीही कसा उभा राहतो, हे दोन्ही धडे त्याला घरातच मिळाले.

पोरगं हुशार होतं. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षण झालं आणि १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत रघुनाथ पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी. ए. झाले आणि वडिलांसारखेच गणिताकडे वळले. पुढे सरकारी कॉलेजांमधून गणित शिकवलं.

लग्न झालं ते गंगूबाई गोडे यांच्याशी. लग्नानंतर त्या मालतीबाई झाल्या. या दोघांनी एक निर्णय घेतला जो आजही अनेकांना पचत नाही. आपल्याला मूल नको, असं त्यांनी ठरवलं आणि ते पाळलं. म्हणजे जे पुढे जगाला सांगितलं, ते आधी स्वतःच्या घरात केलं होतं.

पॅरिसला गेले गणितासाठी

पहिलं महायुद्ध संपल्यावर र. धों. गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली. गणित तर शिकलेच, पण शरीरशास्त्र, लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन या विषयांवरचं युरोपातलं लिखाणही वाचलं.

तेव्हा युरोप-अमेरिकेतही या विषयावर सगळं आलबेल होतं असं समजू नका. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर पोलिसांनी काही दिवसांतच ते बंद केलं आणि सँगरबाईंना तुरुंगात टाकलं. खुद्द फ्रान्सने १९२० मध्ये कायदा करून गर्भनिरोधक साधनांच्या प्रचारावर बंदी घातली. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं ते मार्च १९२१ मध्ये.

आणि त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत आपलं संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या एक पाऊलही मागे नव्हती.

पाठीशी ना सरकार होतं, ना कुठली मोठी संस्था. एक गणिताचा प्राध्यापक आणि त्याची बायको, एवढाच काय तो फौजफाटा. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात नुसती तत्त्वं नव्हती, साधनांची सरळ माहिती होती.

तेव्हा साधनं तरी कोणती होती?

आज आपण गोळी, तांबी, इंजेक्शन ही नावं सहज घेतो. १९२१ मध्ये यातलं काहीच नव्हतं. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९६० मध्ये. तांब्याची तार गुंडाळलेली तांबीही साठच्या दशकाच्या शेवटची.

मग लोकांसमोर पर्याय होते ते असे.

पहिला पर्याय, ऐन वेळी पुरुषाने बाजूला होणं. साधन लागत नाही, पैसा लागत नाही, पण सगळा भरवसा पुरुषाच्या संयमावर. १०० जोडप्यांनी वर्षभर एवढ्याच उपायावर भिस्त ठेवली, तर साधारण २० जणींना दिवस जातात, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं.

दुसरा पर्याय, पुरुषांनी वापरायचं रबरी साधन. तेव्हाचं रबर आजच्याइतकं पातळ नव्हतं, माल परदेशातून यायचा आणि महाग पडायचा. शिवाय ते वापरायचं की नाही हे पुन्हा नवराच ठरवणार.

तिसरा पर्याय बाईच्या हातातला. गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबराची टोपी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या डॉक्टरांनी तिचा प्रसार केला होता. योग्य मापाची टोपी नीट बसवायला शिकलं आणि सोबत शुक्रजंतू मारणारं औषध लावलं, तर बऱ्यापैकी संरक्षण मिळायचं. पण माप घ्यायला, शिकवायला कुणीतरी हवं. बरं, न्हाणीघरसुद्धा स्वतःचं नसलेल्या चाळीतल्या बाईने ती धुवायची कुठे आणि ठेवायची कुठे, हाही प्रश्न होताच.

याशिवाय स्पंज होते, योनीत ठेवायच्या औषधी गोळ्या होत्या. काही जणी नुसत्या पाण्याने धुण्यावर विश्वास ठेवायच्या, ज्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

आणि यातलं काहीच हाताशी नसलं, तर उरायचा तो चोरून केलेला गर्भपात. सुईण, झाडपाला, काड्या. त्यात बाई जगली तर नशीब.

र. धों. यांच्या सगळ्या कामाचं मूळ इथे होतं. बाळंतपणावर बाळंतपण काढत शरीराची चाळण झालेल्या बायका घरोघरी होत्या. आठवं, नववं मूल पोटात असताना मेलेल्या बायकांसाठी लोक दैवाला दोष द्यायचे. र. धों. यांचं म्हणणं होतं, की यात दैवाचा काहीही संबंध नाही. उपाय आहे, तो तुमच्यापर्यंत पोचू दिला जात नाही, एवढंच.

म्हणून त्यांनी 'राईट एजन्सी' या नावाने साधनं विकायला सुरुवात केली. सल्ला द्यायचा आणि साधन नाही द्यायचं, याला अर्थ नव्हता.

नोकरी की काम?

या काळात र. धों. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. आपला प्राध्यापक संततिनियमनावर जाहीरपणे लिहितो, बोलतो, हे व्यवस्थापनाला मानवणारं नव्हतं. र. धों. यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की हे काम तरी सोडा, नाहीतर नोकरी.

त्यांनी नोकरी सोडली.

त्या काळी कॉलेजातली प्राध्यापकी म्हणजे मान, बंगला, पेन्शन. ते सगळं सोडून गर्भनिरोधक साधनं विकणारा माणूस लोकांच्या नजरेत वेडा ठरला. यानंतर घराची ओढाताण कायमची मागे लागली. मालतीबाईंनी या सगळ्यात नवऱ्याला साथ दिली. चरित्रांमध्ये र. धों. यांचं नाव मोठ्या अक्षरात येतं, पण संसार ओढून धरणारी ही बाई नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

'समाजस्वास्थ्य' नावाचा बॉम्बगोळा

जुलै १९२७ मध्ये र. धों. यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. आत संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, धर्मातल्या भोंगळ समजुती, आणि सगळ्यात गाजलेलं म्हणजे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना थेट उत्तरं.

पत्र पाठवणारे बहुतेक पुरुषच होते. त्यात विद्यार्थी होते, कारकून होते, नुकतंच लग्न झालेले तरुण होते. हस्तमैथुनाने आपण संपलो, या भीतीने पछाडलेले कितीतरी जण होते. त्या वेळचे वैद्य आणि धर्मगुरू दोघंही सांगायचे, की वीर्य गेलं की आयुष्य गेलं. र. धों. शांतपणे उत्तर द्यायचे, की काही होत नाही, घाबरू नका. आज लैंगिक आरोग्याच्या कुठल्याही वेबसाईटवर हेच उत्तर मिळेल. फक्त ते मराठीत पहिल्यांदा देणाऱ्याला समाजाने अश्लील ठरवलं होतं.

त्यांनी अजून एक गोष्ट मांडली, जी संततिनियमनापेक्षाही जड गेली. कामसुखावर पुरुषाचा जेवढा हक्क, तेवढाच बाईचा. मूल होण्याची भीती गेली, तर बाईला हे सुख मोकळ्या मनाने घेता येईल. सनातनी मंडळींचा खरा संताप इथे होता. मुलं कमी करा, म्हणजे गरिबी हटेल, असा नुसता हिशोब मांडला असता तर कदाचित चाललं असतं. पण बाईच्या सुखाची गोष्ट काढली आणि समाजाचा तोल गेला.

र. धों. यांच्या सगळ्याच गोष्टी आज पटतील असंही नाही. त्या काळच्या जगभरच्या संततिनियमनवाद्यांप्रमाणे सुप्रजननाचे, म्हणजे चांगली संतती कुणाला व्हावी याचा हिशोब मांडणारे विचार त्यांच्याही लिखाणात डोकावतात. त्याच विचारांनी पुढे युरोपात काय अनर्थ केला, हे आपल्याला माहीत आहे. पण बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, या मुद्द्यावर हा माणूस काळाच्या खूप पुढे होता.

खटला पहिला, खटला दुसरा आणि बाबासाहेब

१९३१ मध्ये पहिला खटला झाला. निमित्त होतं व्यभिचाराच्या प्रश्नावरचा लेख. पुण्याच्या सनातनी मंडळींनी तक्रार केली, र. धों. यांना अटक झाली, अश्लीलतेचा ठपका ठेवून कोर्टाने १०० रुपये दंड केला. हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

माणूस गप्प बसेल असं वाटलं होतं. तो बसला नाही.

१९३४ मध्ये दुसऱ्यांदा अटक झाली. या वेळी कारण होतं वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं. आता बाजू मांडायला कोर्टात कोण उभं राहिलं माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तारखा लक्षात घ्या. महाडचा सत्याग्रह झालेला, गोलमेज परिषदा आटोपलेल्या, पुणे करार दोन वर्षांपूर्वीचा. देशातल्या कोट्यवधी अस्पृश्यांचा नेता, ज्याला क्षणाची उसंत नाही, तो एका छोट्या मासिकाच्या अश्लीलतेच्या खटल्यात उभा राहतो. मतं मिळवायची म्हटली तर यात मिळण्यासारखं काही नव्हतं. उलट बदनामीच पदरी पडायची.

बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य हा आहे. वाचक त्याबद्दल विचारतात आणि संपादक शास्त्राच्या आधारे उत्तर देतो. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. लोकांच्या मनात विकृत कल्पना असतील, तर त्या ज्ञानानेच जातील, तोंड दाबून जाणार नाहीत. जगभरातल्या लैंगिक संशोधनाचे दाखले त्यांनी कोर्टापुढे ठेवले.

तरीही खटला हरले. र. धों. यांना २०० रुपये दंड झाला.

कोर्टातली ही लढाई हरली तरी बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला. तो होता बाबासाहेबांचा आणि सभागृहात मांडला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी. वारंवारच्या बाळंतपणाने बायकांच्या तब्येतीचे होणारे हाल हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. ठराव नामंजूर झाला.

एकीकडे गांधीजी, दुसरीकडे र. धों.

त्या काळात संततिनियमनाला सगळ्यात मोठा विरोध कुठून होता, तर महात्मा गांधींकडून. मुलं कमी व्हावीत हे गांधीजींनाही मान्य होतं. पण त्यासाठी त्यांचा उपाय एकच, तो म्हणजे ब्रह्मचर्य. कृत्रिम साधनं वापरली तर माणूस भोगाच्या आहारी जाईल, असं त्यांना वाटायचं. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही.

र. धों. या मताशी अजिबात सहमत नव्हते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सगळा देश ज्यांना महात्मा म्हणत होता, त्यांच्यावर हा माणूस 'समाजस्वास्थ्य'मधून टीका करत होता. सनातनी तर आधीपासून विरोधात होतेच, आता गांधीजींना मानणारेही दुरावले.

आणि गंमत बघा. याच काळात म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी दवाखान्यांत संततिनियमनाची केंद्रं उघडली होती. म्हणजे एका संस्थानाला जे करता आलं, त्यासाठी मुंबईत मात्र माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागत होती.

शेवटपर्यंत एकटाच

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. मूल नाही, बायको गेली, नोकरी कधीच सुटलेली. पण मासिक निघत राहिलं. लेख लिहायचे, मुद्रितं तपासायची, पत्रांना उत्तरं द्यायची, सगळं एकट्याने.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या विषयावर लिहिलं म्हणून र. धों. यांना दंड झाला होता, तोच विषय आता पंचवार्षिक योजनेत आला होता.

यानंतर वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. कर्वे यांचं निधन झालं. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक ठरला. २६ वर्षांहून जास्त काळ चाललेलं मासिक संपादकासोबतच संपलं.

वडील धोंडो केशव कर्वे तेव्हा हयात होते. स्त्री-शिक्षणाच्या कामासाठी त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, आणि १९६२ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी ते गेले. बापाने बाईला शाळेत नेलं, लेकाने तिला स्वतःच्या शरीराचा ताबा द्यायचा प्रयत्न केला. पहिल्या कामाचा समाजाने उशिरा का होईना, गौरव केला. दुसऱ्याचा करायला मात्र तो अजूनही लाजतो.

तरी काही लोकांनी धागा सोडला नाही. रँग्लर परांजपे हे कर्व्यांचे नातलग. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे, म्हणजे दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या आई, यांनी संततिनियमनाचं काम पुढे अनेक वर्षं केलं. त्या राज्यसभेवर गेल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. य. दि. फडके यांनी र. धों. यांचं चरित्र लिहिलं. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' हा सिनेमा केला, त्यात र. धों. झाले किशोर कदम आणि मालतीबाई झाल्या सीमा बिस्वास. अलीकडे अतुल पेठेंनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटकही गाजलं.

मग आज र. धों. जिंकले का?

आता आजची साधनं बघू. तुलना करायची सोपी पद्धत अशी, की १०० बायकांनी किंवा जोडप्यांनी एखादं साधन वर्षभर नेहमीच्या सवयीने वापरलं, तर किती जणींना दिवस जातात ते बघायचं. काहीच वापरलं नाही, तर हा आकडा साधारण ८५ असतो.

निरोध वापरला तर साधारण १३. पण गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवणारं साधन हेच.

माला-एन, माला-डीसारख्या रोजच्या गोळ्या घेतल्या तर साधारण ७. गोळी विसरली नाही तर आकडा खूप खाली येतो. मात्र बीपी जास्त असलेल्या, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, किंवा बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत.

'छाया' ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. इंजेक्शनच्या बाबतीत आकडा साधारण ४. काही जणींची पाळी त्यात अनियमित होते किंवा थांबते, ते आधी माहीत असलेलं बरं.

तांबी बसवली तर एकापेक्षाही कमी. प्रकारानुसार ती ५ किंवा १० वर्षं चालते आणि मूल हवं झालं की काढता येते. सुरुवातीला पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं.

बाईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं तर हजारात साधारण ५. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी केली तर हजारात साधारण १ ते २. म्हणजे पुरुषाचं ऑपरेशन बाईपेक्षा सोपं, पोट न उघडता होणारं, आणि जास्त खात्रीचं. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं.

आणि ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी फक्त अडीअडचणीसाठी. तिला रोजचं साधन समजू नका.

ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी र. धों. यांना यातली निम्मी जरी साधनं मिळाली असती, तरी त्यांनी मासिकाचा खास अंक काढला असता. ज्या गोष्टीसाठी दंड झाला, ती आता आशाताई घरपोच देतात.

पण आता एक आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ च्या आकडेवारीनुसार, देशातल्या दर १०० विवाहित बायकांपैकी जवळपास ३८ जणींनी ऑपरेशन करून घेतलेलं आहे. ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी केली आहे, अशांचं प्रमाण आहे ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन.

हे असं का झालं? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, त्यात कितीतरी जणांवर जबरदस्ती झाली. त्या धसक्याने पुरुषांची नसबंदी राजकारण्यांनी बाजूला टाकली आणि सगळा भार बायकांवर गेला. त्यात अशक्तपणा येतो, मर्दानगी जाते, असल्या अफवांची भर. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, पण अफवा सर्वेक्षणापेक्षा लांब पोचते.

कितीतरी घरांत आजही हीच पद्धत आहे. पाठोपाठ दोन मुलं, मध्ये कुठलंच साधन नाही, आणि पंचविशीच्या आतबाहेर बाईचं ऑपरेशन. सात-आठ पर्याय असताना तिच्यापर्यंत एकच पोचतो, तोही सासू, नवरा आणि शिबिराची तारीख मिळून ठरवतात.

र. धों. यांचं मागणं लोकसंख्या कमी करण्यापुरतं नव्हतं. आता देशाचा जननदर बाईमागे २ वर आला आहे, त्यामुळे आकड्यांची लढाई आपण बऱ्यापैकी जिंकलो असं म्हणता येईल. पण माहिती तिच्यापर्यंत पोचावी, निवड तिने करावी आणि जबाबदारी दोघांनी उचलावी, हे त्यांचं मागणं अजून अर्धंच पूर्ण झालं आहे.

म्हणून पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला, तर आवाज खाली करू नका. बायकोला नुसतं ऑपरेशनची तारीख विचारू नका, दोघं मिळून दवाखान्यात जा आणि सगळे पर्याय समजून घ्या. त्यात नवऱ्यासाठीचा पर्यायही विचारा. एवढं केलं, तरी र. धों. आणि मालतीबाईंनी सोसलेल्या हालअपेष्टांचं थोडं चीज होईल.